देवाच्या दारचा पहारा कोणाच्या पदरचा?

मुंबईत देऊळ कोणी बांधले, मशिदीला जागा कोणी दिली, अग्यारीचा खर्च कोणत्या शेटजींनी उचलला, याच्या नोंदी जागोजागी सापडतात. दारावरच्या संगमरवरी पाटीवर नाव असते, साल असते, पुष्कळदा रक्कमही असते. परंतु त्या दाराशी रात्रीचे कोण उभे राहिले आणि त्याचा पगार कोणी दिला, याची पाटी कोणी लावत नाही. गेली काही वर्षे मी या न लावलेल्या पाटीच्या मागे आहे. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. नोकरी सांभाळून, सुट्ट्या ग्रंथालयांत घालवून, जुनी गॅझेटियरे, पोलिसांचे इतिहास, कायद्यांची पुस्तके आणि मंडळांच्या वर्गणीच्या वह्या चाळत जे हाती लागले, ते येथे मांडतो.

प्रार्थनास्थळांच्या आणि धर्मादाय संस्थांच्या सुरक्षेसाठी सरकारने मदत करावी का, करावी तर कोणत्या रूपाने, हा प्रश्न आजकालचा वाटतो. मुंबईपुरता तरी तो साडेतीनशे वर्षांचा आहे. या काळाकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. सरकारने या कामासाठी पैसा क्वचितच दिला, दिली ती माणसे. आणि ती माणसे देताना दाराआडच्या भीतीपेक्षा दारापुढची गर्दी पाहिली.

निमा पारखची अट

१६६८ साली मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. जेराल्ड ऑंजियर या गव्हर्नराला येथे व्यापारी आणून वसवायचे होते. दीव बंदरातला निमा पारख नावाचा एक मोठा वाणी व्यापारी यायला तयार झाला, पण नुसत्या तोंडी आश्वासनावर नाही. त्याने अटी लिहून मागितल्या आणि १६७७ साली कंपनीने त्या मान्य केल्या.

आपल्या घरी आपला धर्म बिनघोर पाळता यावा, मृतांचे दहन आपल्या रीतीने करता यावे, आपल्या आवारात परधर्मीयाने राहू नये आणि कोणी जीवहत्या करू नये, अशा त्या अटी होत्या. इथवर नवल नाही. धर्माच्या नावाने पोर्तुगीज काय करीत, हे दीवचा माणूस जाणून होता. मला थांबवले ते आणखी एका अटीने. पहाऱ्याच्या पाळीतून आणि त्यासाठी पडणाऱ्या खर्चाच्या बोजातून निमा पारखने सूट मागितली होती.

ही अट समजण्यासाठी त्या वेळचा बंदोबस्त कसा होता, ते पाहावे लागते. पगारी पोलीस असा नव्हताच. ऑंजियरने भंडाऱ्यांची फौज उभी केली होती. माहीम, शीव, शिवडी येथे सुभेदारांच्या हाताखाली ते गस्त घालीत. जमीनधारकांवर माणसे पुरवण्याचे बंधन होते. म्हणजे पहारा हे सर्वांच्या वाट्याला येणारे ओझे होते. निमा पारखने संरक्षण मागितले आणि ते ओझे मात्र नाकारले. कंपनीला त्याच्या व्यापाराची गरज होती, म्हणून तिने दोन्ही गोष्टी लिहून दिल्या.

मुंबईत धर्माचरणाच्या सुरक्षेचा हा सर्वांत जुन्या लेखी करारांपैकी एक. तो मिळाला सौदा करण्याची ताकद असणाऱ्याला. ज्या भंडाऱ्यांनी सोटे घेऊन रात्री जागवल्या, त्यांच्या दैवतांसाठी असा कागद कोणी केला नाही. पुढचा सारा इतिहास या एका फरकात बीजरूपाने दिसतो.

‘आपले आपण पाहा’

मधली दोनशे वर्षे ओलांडून १८७४ सालाकडे येऊ. तोवर मुंबईत पोलीस आयुक्त होता, ठाणी होती, पगारी शिपाई होते. शहराला भरपूर कर देणारा आणि सरकारदरबारी वजन असणारा समाज म्हणजे पारशी. त्यांच्याच अग्यारींवर हल्ला झाला.

निमित्त एका पुस्तकाचे होते. रुस्तमजी होरमसजी जालभाई यांनी गुजरातीत छापलेल्या पुस्तकात पैगंबरांविषयीचा मजकूर एका इंग्रजी चरित्रावरून घेतलेला होता. त्यावरून मुसलमान समाजात संताप उसळला. त्याआधी १८५१ सालीही ‘चित्रज्ञान दर्पण’ या पत्रातल्या चित्रावरून असाच दंगा झालेला होता, तेव्हा धोक्याची कल्पना कोणालाच नव्हती असे म्हणता येत नाही. १३ फेब्रुवारी १८७४, शुक्रवार. दुपारच्या नमाजानंतर जमाव पारशी वस्तीत घुसला. घरे लुटली गेली, दोन अग्यारींत शिरून त्या भ्रष्ट करण्यात आल्या. पोलीस आयुक्त सर फ्रँक सूटर यांचे बळ अपुरे पडले. दंगा पुढचे काही दिवस पेटत राहिला आणि लष्कर यायला उशीर झाला.

पारशी पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस यांना भेटले. त्यांना मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की सरकारवर विसंबू नका, मुसलमानांशी मिळतेजुळते घ्या आणि स्वतःचे रक्षण करायला शिका. फिरोजशहा मेहतांसारख्या तरुण बॅरिस्टरला हे उत्तर फार लागले. पारशांनी विलायतेत भारतमंत्र्यांकडे अर्ज केला.

गव्हर्नरच्या या सल्ल्याचा परिणाम सावकाश झाला, पण दूरवर झाला. शस्त्रांचे परवाने, घोडेस्वारी आणि वेटोळ्या गल्लीतून कुस्ती शिकवणारे आखाडे यांची चर्चा मुंबईच्या पत्रांतून होऊ लागली. ज्याच्याकडे पैसा होता, त्याने दाराशी पठाण किंवा भय्या ठेवला. मुंबईच्या जुन्या अग्यारींच्या, देवळांच्या, वाड्यांच्या दारात खाट टाकून बसणारा रखवालदार आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याकडे आपण शहरी जीवनातला एक नमुना म्हणून पाहतो. मला तो एका धोरणाचा अवशेष वाटतो. पहारा ही खाजगी बाब आहे, असे सरकारने एकदा सांगितले आणि लोकांनी ते मुकाट्याने खरे केले.

हनुमान गल्ली ते गिरगाव

एकोणीस वर्षांनी पाळी आली ती देवळाची. जुलै १८९३ मध्ये काठेवाडात प्रभासपाटण येथे दंगल झाली. तिच्या बातम्यांनी मुंबईचे वातावरण तापले. गोरक्षणाच्या चळवळीवरून ते आधीच तापलेले होते. ११ ऑगस्ट १८९३, पुन्हा शुक्रवार. जुम्मा मशिदीतून बाहेर पडलेला जमाव जवळच्या हनुमान गल्लीतल्या मारुतीच्या देवळाकडे वळला. पोलिसांनी त्याला अडवले आणि दंगल शहरभर पसरली. दुसऱ्या दिवसापासून गिरणगावातले कामगार तीत ओढले गेले. आता हल्ले दोन्ही बाजूंनी होते. देवळे फोडली गेली तशाच मशिदीही. लष्कराने रस्त्यांवर तळ दिला. मेलेल्यांची संख्या पाऊणशेच्या पुढे गेली.

या वेळी आयुक्त होते आर. एच. व्हिन्सेंट आणि गव्हर्नर लॉर्ड हॅरिस. सरकारचा रोख गोरक्षण सभांवर होता, तर टिळकांनी ‘केसरी’तून सरकारच्या धोरणाला जबाबदार धरले. तो वाद सर्वपरिचित आहे. माझे लक्ष एका साध्या गोष्टीकडे आहे. जुम्मा मशीद आणि हनुमान गल्ली यांच्यात चालत गेले तर काही मिनिटांचे अंतर. शुक्रवारी गर्दी होणार, हे कोणालाही ठाऊक. पोलीस होते, पण त्यांची नेमणूक मशिदीबाहेर जमणाऱ्या गर्दीसाठी होती. देवळाचे रक्षण ही त्या नेमणुकीतून ओघाने मिळालेली गोष्ट होती.

त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या उगमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात पडत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने पाहिले तर या उत्सवाने एक नवी व्यवस्था आणली. चाळीतली पोरे रात्रीची पाळी लावून मांडवात झोपू लागली. मेळ्यांबरोबर काठ्या घेतलेले तरुण चालू लागले. पारशांना दिलेला सल्ला गिरगावकरांनी न विचारताच अमलात आणला. देवाचा पहारा वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून उभा राहिला. आज ज्याला आपण ‘स्वयंसेवक’ म्हणतो, तो मुंबईच्या धार्मिक सुरक्षेचा कणा तेव्हापासून आहे. त्याचा हिशेब कोणत्याही सरकारी अंदाजपत्रकात येत नाही.

बंदोबस्ताचे बिल

सरकारने पैसा दिला नाही, असे वर म्हटले. उलट वेळ आली तेव्हा सरकारने पैसा मागितला. १८६१ च्या पोलीस कायद्यात दोन तरतुदी होत्या. एक अशी, की कोणाला जादा पोलीस हवे असतील तर त्याने अर्ज करावा आणि खर्च स्वतः द्यावा. दुसरी अशी, की एखादा भाग अशांत आहे असे सरकारला वाटले तर तेथे जादा पोलीस बसवावेत आणि खर्च तिथल्या रहिवाशांकडून वसूल करावा. दुसऱ्या प्रकाराला लोक ‘दंडाचे पोलीस’ म्हणत. १८९७ साली रँडच्या खुनानंतर पुण्यावर असे जादा पोलीस बसवले आणि खर्च पुणेकरांच्या माथी मारला.

गंमत अशी, की स्वातंत्र्यानंतरही ही रचना गेली नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, कलम ४७ अर्जदाराच्या खर्चाने जादा पोलीस देण्याचे आहे. कलम ५० विशेष धोक्याच्या प्रसंगी एखाद्या भागावर जादा पोलीस बसवून खर्च तेथूनच वसूल करण्याचे आहे. कलम ५१ बेकायदा जमावाने केलेल्या नुकसानीच्या भरपाईचे आहे. कायद्याच्या भाषेत आजही पहारा दोन प्रकारचा आहे. एक विकत घ्यायचा आणि एक शिक्षा म्हणून सोसायचा.

तिसरा मार्गही साहेबाने दाखवून ठेवला होता. बंदोबस्त जड होत असेल तर कार्यक्रमच बंद करायचा. मोहरमच्या ताबुतांची मिरवणूक हा एके काळी मुंबईतला फार मोठा उत्सव होता. तिच्यात हिंदूही नाचत. १९११ च्या मोहरमात दंगा होऊन गोळीबार झाला. त्यानंतर पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांनी मिरवणुकीचे नियम असे बदलले, की जुन्या थाटाची मिरवणूक संपलीच. मुंबई पोलिसांचा इतिहास पुढे याच एडवर्ड्सनी लिहिला. त्यांच्या दृष्टीने ही यशस्वी सुधारणा होती. पोलिसांवरचा ताण संपला, हे खरे. शहराने काय गमावले, हे त्या हिशेबात येत नाही.

आता या कायद्याचा आजचा व्यवहार पाहू. वानखेडे मैदानावर क्रिकेटचा सामना असला की संयोजकांना पोलीस बंदोबस्ताचे शुल्क पडते. ते थकते, वर्तमानपत्रांत गाजते. २०२३ साली शासनाने हे दर कमी केले. वीस षटकांच्या सामन्याचा दर सत्तर लाखांवरून दहा लाखांवर आला, तोही मागच्या वर्षांपासून लागू धरून. त्यावर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. याउलट गणेशोत्सवात लालबाग-परळपासून गिरगाव चौपाटीपर्यंत हजारो पोलीस दहा दिवस उभे असतात, त्याचे बिल कोणत्याही मंडळाला जात नाही. ते जाऊ नये, असेच माझे मत आहे. १९३४ साली पेरू चाळीच्या बाजारातल्या कोळी आणि विक्रेत्यांनी बसवलेला लालबागचा गणपती आज लाखोंना खेचतो. ती गर्दी मंडळाची खाजगी बाब राहिलेली नाही. २०२५ मध्ये तर राज्य शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला.

पण मग याचा अर्थ असा होतो, की प्रार्थनेच्या संरक्षणासाठी सरकार खर्च करते, आणि मोठ्या प्रमाणावर करते. फक्त तो खर्च ‘मदत’ या नावाने कुठे दिसत नाही, आणि ती कोणाला मिळेल हे गर्दी ठरवते.

गर्दी नसलेली दारे

आता गर्दी नसलेल्या दारांकडे वळू. मशीद बंदरजवळच्या सॅम्युएल स्ट्रीटवर ‘शार हारहमीम’ हे बेने इस्रायलांचे सिनेगॉग आहे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली ते स्थापन केले. नाव पाहिले तरी कळते, की ही आपली मराठी बोलणारी, कोकणातून आलेली माणसे. सात रस्त्याजवळ त्यांचे आणखी एक सिनेगॉग आहे. शनिवारच्या प्रार्थनेला दहा पुरुष जमणेही कधी कधी कठीण जाते, कारण समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अडीचशे वर्षांत मुंबईच्या मराठी माणसाने या दारांना कधी धक्का लावला नाही, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरे आहे.

धोका बाहेरून आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांनी ताज आणि ओबेरॉयबरोबर कुलाब्यातल्या एका गल्लीतली पाच मजली इमारत निवडली. नरिमन हाउस. तेथे रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का ज्यू प्रवाशांसाठी प्रार्थनाघर आणि अतिथिगृह चालवीत. दोघेही मारले गेले. कुलाब्यात राहणाऱ्या पुष्कळांना ही इमारत काय आहे, हे त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते. गर्दी नव्हती, मिरवणूक नव्हती, म्हणून बंदोबस्तही नव्हता. जिथे सर्वांत जास्त भीती असायला हवी होती, ते दार पोलिसांच्या नकाशावर ठळक नव्हते. त्यानंतर ज्यू संस्थांबाहेर पोलीस बसू लागले. नरिमन हाउस २०१४ मध्ये पुन्हा उघडले, ते जाड भिंती आणि तपासणी नाके घेऊन.

दुसरे उदाहरण उलट टोकाचे. प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर १८०१ सालचे, लक्ष्मण विठू पाटील यांनी बांधलेले, देऊबाई पाटील यांच्या पैशातून उभे राहिलेले लहानसे देऊळ. १९८० साली त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि विश्वस्त नेमण्याचा अधिकार शासनाकडे गेला. २००३ च्या ऑगस्टमध्ये मुंबादेवीजवळ झवेरी बाजारात आणि गेटवेपाशी स्फोट झाले, आणि मोठ्या मंदिरांबाबत भीती वाढली. सिद्धिविनायकाभोवती सुरक्षेची भिंत उभी राहिली. रस्ता आकसला, शेजारचे रहिवासी आणि दुकानदार नाराज झाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. येथे पैशाची वाण नव्हती आणि शासनाचे लक्षही होते. प्रश्न वेगळाच निघाला. एका दाराची सुरक्षा शेजाऱ्यांच्या रस्त्यातून कापून घेतली तर तिची किंमत कोणी द्यायची?

तिसरे उदाहरण सांगताना हात जड होतो, पण ते गाळले तर हा लेख खोटा ठरेल. १० जानेवारी १९९३ रोजी, दंगलीच्या दिवसांत, वडाळ्याच्या हरी मशिदीत पोलिसांनी गोळीबार केला. माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने हा गोळीबार समर्थनीय मानला नाही. प्रार्थनास्थळाच्या सुरक्षेची चर्चा करताना पोलीस म्हणजे रक्षक, हे आपण गृहीत धरतो. ते गृहीत जिथे मोडले, तिथल्या लोकांना दाराशी बंदूकधारी शिपाई दिला म्हणजे धीर आला, असे होत नाही. म्हणून नियम लेखी हवा, आणि तो पाळला गेला की नाही हे तपासणारे कोणी तरी हवे.

वर्गणीच्या वहीतली नवी ओळ

परळच्या ज्या चाळीत मी वाढलो, तिथल्या मंडळाच्या हिशेबाच्या जुन्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. साठ-सत्तरच्या दशकात खर्चाच्या ओळी ठरलेल्या: मूर्ती, मांडव, भटजी, दिवाबत्ती, प्रसाद, बँड. २६/११ नंतरच्या वहीत नव्या ओळी येतात. कॅमेरे. धातुशोधक यंत्राचे भाडे. रात्रपाळीच्या पोरांचा चहा आणि वडापाव. दर वर्षी पोलीस ठाण्यातून सूचनांचे पत्रक येते: हे बसवा, ते लावा, इतके स्वयंसेवक नेमा. सूचना योग्यच असतात. त्यांच्याबरोबर पैसा येत नाही. मूर्तीची उंची कमी झाली ती पर्यावरणामुळे, असे आम्ही पाहुण्यांना सांगतो. वही वेगळे सांगते.

मोठ्यांचे तसे नाही. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२३ साली ३६०.४५ कोटी रुपयांचा विमा उतरवला, २०२५ साली तो ४७४.४६ कोटींवर गेला. त्यात दागिने येतात, तसे कार्यकर्ते, पुजारी आणि सुरक्षारक्षकही येतात. त्यांना ते शक्य आहे आणि त्यांनी केले ते शहाणपणाचे आहे. पण विमा, खाजगी रक्षक आणि आमदारांशी ओळख ही तीन साधने ज्या संस्थेपाशी नाहीत, ती उरते हवालदाराच्या मर्जीवर. यात देऊळ आहे, दर्गा आहे, चर्च आहे, बुद्धविहार आहे. तसेच सार्वजनिक वाचनालय, व्यायामशाळा, रुग्णांच्या नातेवाइकांना उतरायला जागा देणारी धर्मशाळा हेही आहेत. टाटा आणि केईएमच्या आसपास, परळमध्ये अशा संस्था किती तरी चालतात.

सरकारने मधल्या काळात काही केले नाही, असे नव्हे. २०१० च्या कायद्याने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ स्थापन झाले. ते पैसे घेऊन प्रशिक्षित रक्षक पुरवते. राम प्रधान समितीच्या शिफारशींनंतर बरीच वर्षे लोटून २०१६ साली मुंबईत सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे जाळे उभे राहिले. पहिल्या सोयीला पैसा लागतो. दुसरी सोय रस्ता पाहते, दाराच्या आतले पाहत नाही. खासदार निधीतून प्रार्थनास्थळाच्या आत काम करता येत नाही, तसा नियमच आहे. म्हणजे चिंचोळ्या गल्लीतल्या एखाद्या विहाराला दाराशी दिवा आणि कॅमेरा हवा असेल, तर त्याच्यासाठी सरकारी दप्तरात रकाना नाही.

मदत म्हणजे प्रसार का?

रकाना का नाही, याचे उत्तर बहुतेक जण राज्यघटनेत शोधतात. कलम २७ म्हणते, की विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कोणालाही कर द्यायला भाग पाडता येणार नाही. गुजरातमध्ये २००२ साली उद्ध्वस्त झालेल्या धार्मिक वास्तूंची दुरुस्ती सरकारने करून द्यावी, असा आदेश तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तो रद्द केला आणि कमाल पन्नास हजार रुपयांची मर्यादित मदत देण्याची राज्याची योजना मान्य केली. म्हणजे संपूर्ण भरपाई हा हक्क नाही, पण मदत निषिद्धही नाही. फाटक पुरते बंद नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

बाहेरच्या देशांत हे फाटक अधिक उघडलेले दिसते. अमेरिकेत प्रार्थनास्थळे आणि धर्मादाय संस्था केंद्र सरकारच्या सुरक्षा अनुदानासाठी अर्ज करतात. अर्जाबरोबर आपल्या जागेतले कच्चे दुवे कोणते, हे तपासून लिहून द्यावे लागते. ब्रिटनमध्ये २०१६ पासून प्रार्थनास्थळांच्या कुंपण, कॅमेरे, दिवे अशा कामांसाठी सरकारी योजना आहे. तिथेही तक्रारी आहेत: अर्ज किचकट, लहानांना लिहिता येत नाही, पैसा उशिरा. तरी अर्ज कोणाकडे करायचा, एवढे तरी ठरलेले आहे.

जर्मनीतल्या हाले गावचे उदाहरण मला वारंवार आठवते. ९ ऑक्टोबर २०१९, ज्यूंचा सर्वांत पवित्र दिवस. एका बंदूकधाऱ्याने सिनेगॉगवर हल्ला चढवला. आत पन्नासाहून अधिक माणसे होती आणि बाहेर पोलीस नव्हता. दार भक्कम होते, ते उघडले नाही. चिडलेल्या हल्लेखोराने रस्त्यावर आणि जवळच्या खानावळीत दोघांचा बळी घेतला, पण आतली माणसे वाचली. त्या दाराने एका शिपायाचे काम केले आणि त्याला पगार द्यावा लागत नाही.

मला असे वाटते, की दार मजबूत करणे हा धर्माचा प्रसार नव्हे. आग विझवायला आलेला बंब आत कोणता देव आहे, हे विचारत नाही. पाण्याचा खर्चही तो विश्वस्तांकडून घेत नाही. आगीला जो न्याय, तोच भीतीला लावायला हरकत नसावी.

याविरुद्धचे दोन आक्षेप मी हलके मानत नाही. पहिला असा, की पैसा आला की पुढारी येतील, आपापल्या मंडळाला अनुदान नेतील, आणि जिथे भीती आहे तिथे ते पोहोचणारच नाही. दुसरा असा, की सरकारी पैशामागून सरकारी माणूस कारभारात येतो. सिद्धिविनायकाच्या विश्वस्त मंडळाचे उदाहरण समोर आहे. दोन्ही धोके खरे आहेत. पण आजच्या व्यवस्थेत तरी ते कुठे टळले आहेत? वशिला आजही चालतो, फक्त तो फोनवर चालतो आणि त्याची नोंद राहत नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. कोणत्या दाराला पहारा द्यायचा, याचे निकष शासनाने छापून जाहीर करावेत. त्यात गर्दीइतकेच धमकी, एकाकीपणा आणि पूर्वीचा हल्ला यांना वजन असावे. लहान संस्थांना शिपाई देता येत नसेल तर दार, दिवा आणि कॅमेरा यांपुरती, एकाच मापाने मोजलेली मदत द्यावी; तिची छाननी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात व्हावी आणि यादी सर्वांना पाहता यावी. नकार दिला तर तो कारणासह लेखी द्यावा. १८७४ साली पारशांना मिळालेला सल्ला तोंडी होता. तो कागदावर सहीनिशी द्यावा लागला असता, तर वुडहाउससाहेबांनी दोनदा विचार केला असता.

निमा पारखचा करार होऊन लवकरच साडेतीनशे वर्षे पुरी होतील. तो श्रीमंत होता, त्याला कंपनीने कागद करून दिला. सात रस्त्याजवळचे सिनेगॉग, चिंचोळ्या गल्लीतला विहार, कामगार वस्तीतला दर्गा आणि आमच्या चाळीचा दहा दिवसांचा मांडव यांच्यापाशी सौदा करण्याजोगे काही नाही. कंपनी व्यापारी होती, तिने भाव पाहिला. आता राज्य आपले आहे, म्हणून कागद आपणच मागायचा आहे.